शेवटच्या लघवीनंतरचे ६० तास

बोक्याची लघवी पूर्ण अडली आणि उपचार झाले नाहीत, तर तो साधारण दोन-तीन दिवसांत मरतो. पुढचा घटनाक्रम कुठल्या एका बोक्याचा नाही. पशुवैद्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षं जे येत राहतं, तेच इथे वडाळ्यातल्या एका घरात, आषाढीच्या दिवसांत मांडलं आहे, कारण या दिवसांत विठ्ठल मंदिराच्या आसपासच्या घरांत बोक्याचं सगळंच एकदम बदलतं. घरच्या काळजीवर माझा मनापासून विश्वास आहे. म्हणूनच तिची वेळ कोणती आणि कोणती नाही, हे मला तासांच्या हिशेबात सांगायचं आहे.

एकादशीच्या आठवडाभर आधी

कात्रक रोडजवळची जुनी इमारत, दोन खोल्या आणि गॅलरी. बोका पाच वर्षांचा, नसबंदी झालेला, अंगाने जड, घराबाहेर न जाणारा. हा आजार नेमका अशाच बोक्यांना गाठतो. (म्हणून नसबंदी टाळू नये. वजन आणि पाणी सांभाळावं.)

जून-जुलैत मासेमारीबंदी, त्यात घरात आषाढी पाळायची. एरवी मिळणारी उकडलेली मांदेली आणि तिचं पाणी बंद झालं, वाटीत राहिले फक्त कोरडे दाणे. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम १० टक्के असतं, उकडलेल्या माशात किंवा ओल्या पाऊचमध्ये ७० ते ८० टक्के. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, भक्ष्याच्या मांसातून पाणी मिळवणारे. त्यामुळे या प्राण्याला तहान मुळात कमी. पाणी कमी पडलं तरी तो वाटीकडे धावत नाही, त्याची मूत्रपिंडं लघवी आणखी घट्ट करतात.

साताऱ्याहून पाहुणे यायचे म्हणून घर आवरलं गेलं. न्हाणीघराबाहेरचा लिटर ट्रे गॅलरीत गेला, वॉशिंग मशीनच्या मागे. मशीन फिरायला लागलं की बोका तिथून पळतो. बाहेर मांडव उभा राहतोय, लाउडस्पीकरची चाचणी चालू आहे.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी मांजरांच्या मूत्राशयाच्या दुखण्यावर अनेक वर्षं काम केलं. तरुण मांजरांत या दुखण्यामागे जंतू क्वचित असतात. बहुतेकदा खडाही सापडत नाही, तरी मूत्राशयाचं अस्तर सुजतं. त्यामागचा एक मोठा धागा म्हणजे ताण. त्यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवून दिलं की दिनक्रम मोडला की आजारी मांजरंच नव्हे, धडधाकट मांजरंही खाणं सोडतात, उलट्या करतात, ट्रेबाहेर घाण करतात.

आपल्या बोक्याने या आठवड्यात दोनदा पायपुसण्यावर लघवी केली. ओरडा खाल्ला. खोड्या काढतोय, असं घरात ठरलं. खरं तर ती त्याची पहिली तक्रार होती, आणि घरचे उपाय सर्वांत जास्त उपयोगी पडतात ते याच आठवड्यात. ट्रे जुन्या जागी परत ठेवला असता, दाण्यांवर कोमट पाणी ओतलं असतं, पाहुणे असेपर्यंत आतल्या खोलीचा एक कोपरा त्याच्यासाठी मोकळा ठेवला असता आणि डॉक्टरांकडून एकदा लघवीची तपासणी करून घेतली असती, तर पुढचं सगळं टळण्याची शक्यता मोठी होती.

दशमी, रात्री ११ : तास ०

बोका वॉशिंग मशीनमागे बसतो. दोन गुलाबी थेंब पडतात. ही शेवटची लघवी. कुणी पाहत नाही, आणि पुढे डॉक्टर नेमकी हीच वेळ विचारणार आहेत.

एकादशी, पहाटे ४ : ५ तास

घर जागं आहे. दर्शनाच्या रांगेत लवकर लागायचं म्हणून आंघोळी चालल्या आहेत. बोका ट्रेमध्ये जातो, उकरतो, पाठीला बाक काढून बसतो, काही होत नाही, बाहेर येतो, पुन्हा जातो. मग कोरड्या बेसिनमध्ये जाऊन बसतो. मागचा भाग सतत चाटतो.

"आई, याचं पोट साफ होत नाहीये बहुतेक," सून म्हणते.

"दूध दे थोडं. होईल मोकळं."

इथे जवळजवळ प्रत्येक घर फसतं. बद्धकोष्ठाचं कुंथणं आणि अडलेल्या लघवीचं कुंथणं लांबून सारखंच दिसतं. फरक ट्रेमध्ये असतो. मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं आणि लिटरमध्ये तिचे ओले गोळे होतात. काल रात्रीपासून एकही नवा गोळा नाही, हे ट्रे हलवून बघितलं असतं तर कळलं असतं.

सकाळी १० : ११ तास

रांग मंदिरापासून लांबवर गेली आहे, वाहतूक वळवलेली आहे. घरात उपाय सुरू होतात. बार्लीचं पाणी ड्रॉपरने. कुणीतरी गोखरूचा काढा सुचवतं, मूतखड्यावर माणसांना देतात तो. फोनवरून कुणी सफरचंदाचं व्हिनेगर सांगतं, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या.

ज्या नळीचं तोंड बंद आहे तिच्यामागे आणखी पाणी भरल्याने तोंड उघडत नाही. लघवी वाढवणारी कुठलीही गोष्ट, मग ती बार्ली असो, गोखरू असो की पुनर्नवा, या घडीला फक्त दाब वाढवते. बोक्याच्या मूत्रमार्गाचा शेवटचा भाग जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो. सुजलेल्या अस्तरातून सुटलेली पेशींची आणि प्रथिनांची चिकट साय, त्यात स्ट्रुव्हाइटचे बारीक स्फटिक, असा बुच तिथे बसला आहे. काही बोक्यांत बुच नसतोच, सूज आणि स्नायूंची उबळ एवढ्यानेही मार्ग बंद होतो. मांजरीचा मार्ग आखूड आणि रुंद, म्हणून ती फारच क्वचित अडते.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका. ताणलेलं मूत्राशय फुटतं.

दुपारी ३ : १६ तास

मागच्या पायांच्या पुढे, पोटाच्या खालच्या भागात हलका हात फिरवला तर मोसंबीएवढा टणक गोळा लागतो. हात लागताच बोका गुरगुरतो. हा तोच बोका, जो एरवी आजींच्या मांडीवरून उठत नाही.

आत दाब मूत्रनलिकांतून वर मूत्रपिंडांपर्यंत पोचला आहे. गाळणी मंदावते. युरिया आणि क्रिएटिनिन रक्तात साठायला लागतात.

याच वेळी घरातलं कुणीतरी कळवळून म्हणतं, त्याला दुखतंय, तापाची अर्धी गोळी देऊ या. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाचं यकृत ज्या रासायनिक वाटेने ते मोडतं, ती वाट मांजरात जवळजवळ नाहीच. रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहायची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी आधीच गुदमरलेली मूत्रपिंडं आणखी मार खातात. अडलेली लघवी जीव घेण्याआधीच मायेपोटी दिलेल्या या गोळीने बोका गेल्याची उदाहरणं पशुवैद्यांना नवी नाहीत.

रात्री ९ : २२ तास

पहिली उलटी. पिवळट फेस. साबुदाण्याचा दाणा खाल्ला असेल, असा निष्कर्ष निघतो. वाटीला तोंड लावलेलं नाही. बोका कपाटाखाली शिरला आहे आणि मधूनच खालच्या पट्टीत, लांबलेला आवाज काढतोय.

वडाळ्याहून परळ तीन-चार किलोमीटर. तिथे एस. एस. राव मार्गावर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकात उभं राहिलेलं, १८८६ पासूनच्या पशुवैद्यक महाविद्यालयाला लागूनच. २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही आहे. अख्ख्या महाराष्ट्रात फार थोड्या वस्त्यांना एवढं जवळ एवढं काही आहे. निघण्याआधी फोन करायचा आणि एकच वाक्य सांगायचं: "बोका आहे, काल रात्रीपासून लघवी झालेली नाही." या वाक्यावर कुठलाही पशुवैद्य त्याला रांगेत पुढे घेतो.

"उद्या बघू. आज एवढ्या गर्दीत टॅक्सी कुठून मिळणार?"

द्वादशी, पहाटे ५ : ३० तास

आवाज थांबला आहे. बोका न्हाणीघराच्या थंड फरशीवर आडवा. "शांत झोपलाय, बरं वाटतंय वाटतं." पारण्याच्या स्वयंपाकाची तयारी सुरू होते.

मला सर्वांत जास्त भीती या शांततेची वाटते. रोज लघवीतून बाहेर जाणारं पोटॅशियम आता रक्तात चढतंय. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे पेशीच्या आतलं आणि बाहेरचं पोटॅशियम यांच्यातला फरक असतो. बाहेरचं वाढलं की तो फरक घटतो, स्नायू ढिले पडतात, हृदय सुस्तावतं. बोका बरा झालेला नाही, ओरडायची ताकद संपली आहे.

सकाळी ११ : ३६ तास

कान आणि पंजे गार. मांजराचं तापमान एरवी १०० ते १०२.५ अंश फॅरनहाइट, आता त्याच्या बरंच खाली. ठोके मिनिटाला १८० च्या आसपास असायला हवेत, ते १२० वर आलेत. गार अंग आणि मंद ठोके एकत्र दिसले की रक्ताचा अहवाल यायच्या आधीच डॉक्टर पोटॅशियम धोक्याच्या पलीकडे गेल्याचं ओळखतात. ईसीजीवर पी लहर पुसट होत जाते, टी लहर उंच आणि टोकदार होते.

अजूनही दार उघडं आहे. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून दिलं की हृदयाला थोडा अवधी मिळतो. त्याने पोटॅशियम उतरत नाही, ते ग्लुकोज आणि इन्सुलिनने पेशींत ढकलावं लागतं. मग बुच काढायचा.

रात्री ८ : ४५ तास

उठवलं तर उठत नाही. श्वास खोल आणि सावकाश.

त्रयोदशी, सकाळी ११ : ६० तास

हृदय थांबतं.

तोच बोका, २२व्या तासाला निघालेला

आता तोच घटनाक्रम एकादशीच्या रात्रीच वळवून पाहू. झाकणाची टोपली, आत जुना टॉवेल, गर्दी टाळून गल्लीच्या तोंडाशी पकडलेली टॅक्सी. रुग्णालयात भूल किंवा गुंगी, वेदनाशामक, बारीक नळी, सलाइनने बुच मागे धुऊन काढणं. नळी साधारण एक-दोन दिवस आत राहते. अडथळा सुटल्यावर मूत्रपिंडं इतकं पाणी बाहेर टाकतात की शिरेतून भरपूर सलाइन द्यावं लागतं, म्हणून लगेच घरी आणण्याचा आग्रह धरू नये. वेळेत पोचलेल्या दहापैकी नऊच्या आसपास बोके घरी परततात.

आणि इथे घरच्या काळजीची खरी पाळी येते. तिच्याइतकं महत्त्वाचं औषध नाही, असं मी म्हणते ते पुराव्याने. १९९९ च्या एका अभ्यासात मूत्राशयाच्या या दुखण्याच्या मांजरांना वर्षभर एकाच प्रकारचं अन्न ओलं आणि कोरडं असं दोन गटांत दिलं. कोरड्यावरच्या ३९ टक्के मांजरांत दुखणं उलटलं, ओल्यावरच्या फक्त ११ टक्क्यांत. बफिंग्टन यांच्या गटाने २००६ मध्ये ४६ मांजरांच्या घरांत फक्त राहणीमान बदललं आणि दहा महिने पाठपुरावा केला, तर लक्षणं ठळकपणे कमी झाली. उलट ग्लुकोसामिनच्या गोळ्या २००४ च्या चाचणीत बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

म्हणजे करायचं ते स्वयंपाकघरात आणि फर्निचरमध्ये. मासा किंवा कोंबडी नुसत्या पाण्यात उकडायची, मीठ-हळद नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, कारण ते मांजराच्या लाल पेशी फोडतात. ते पाणी खाण्यावर ओतायचं. सुकट खारट असते, ती टाळायची. पाण्याच्या पसरट वाट्या दोन-तीन जागी, ट्रेपासून लांब. एका बोक्याला दोन ट्रे, दोन वेगळ्या शांत जागी, रोज साफ. कपाटावर चढायला एक वाट, खाली लपायला एक खोकं. जेवणाआधी दहा मिनिटं दोरीमागे धावणं, म्हणजे शिकार आणि मग जेवण हा त्याचा क्रम जुळतो. वजन हळूहळू उतरवायचं, उपाशी ठेवून कधीच नाही, कारण जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृताने आजारी पडतं. काढे आणि सुगंधी तेलं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. वनस्पतींतली कित्येक द्रव्यं मांजराचं यकृत पॅरासिटामॉलसारखीच मोडू शकत नाही.

स्फटिक स्ट्रुव्हाइटचे निघाले तर डॉक्टरांनी दिलेल्या खास आहाराने काही आठवड्यांत विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. म्हणून खाणं स्वतःच्या मनाने बदलू नये. पुन्हा पुन्हा अडणाऱ्या बोक्याचा मार्ग शस्त्रक्रियेने रुंद करता येतो.

परत अडण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत सर्वांत जास्त. घरातल्या एका माणसाने ट्रेची जबाबदारी घ्यावी आणि सकाळ-संध्याकाळ गोळे मोजून कॅलेंडरवर लिहावेत, तिथेच रुग्णालयाचा फोन नंबरही. तीनदा बसला आणि थेंब आला नाही, तर रात्रीचे २ वाजले असले तरी टोपली उचलायची.