काल्पनिक उत्क्रांती

काल्पनिक उत्क्रांती म्हणजे उत्क्रांतीचे ज्ञात नियम न मोडता, पृथ्वीच्या इतिहासातील किंवा परिस्थितीतील एखादी गोष्ट बदलून त्यातून कोणती जीवसृष्टी निर्माण होऊ शकेल याची केलेली मांडणी होय. साहित्य, चित्रकला व जीवशास्त्र यांच्या सीमेवरील हा प्रकार असून त्यास स्वतंत्र विज्ञानशाखा मानले जात नाही. पुराणातील पंखांचा घोडा येथे बसत नाही. चार पायांच्या पूर्वजांपासून आलेल्या प्राण्याला अवयवांची तिसरी जोडी कोठून मिळाली, हे सांगता येत नाही.

इतिहास

एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीत दूरच्या भविष्यकाळात मानवाच्या दोन भिन्न जाती झालेल्या दिसतात. स्कॉटिश भूवैज्ञानिक डूगल डिक्सन यांनी 'आफ्टर मॅन' (१९८१) मध्ये मानवाच्या अस्तानंतर ५ कोटी वर्षांनी असणारे प्राणी रेखाटले, तर 'द न्यू डायनासोर्स' (१९८८) मध्ये डायनासोर टिकून राहिलेले जग कल्पिले. मराठीत जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेची रीत हीच आहे. तेथे विश्वासरावांना लागलेली गोळी हुकते आणि पुढचा इतिहास बदलतो. मात्र ते पर्यायी जग माणसांचे आहे, प्राण्यांचे नव्हे.

विदर्भातील जीवाश्म

डायनासोरांच्या अखेरच्या काळातील लॅमेटा खडकांचे थर नागपूर परिसरात आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी येथील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला. त्यांपैकी हिस्लॉप यांचे नाव नागपूरच्या महाविद्यालयामुळे परिचित आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे अश्मीभूत विष्ठा विपुल सापडते. ती टायटॅनोसॉर या अवाढव्य शाकाहारी डायनासोरांची असावी, असे मानले जाते. वनस्पतींच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण तयार होतात व त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. वंदना प्रसाद व सहकाऱ्यांना या विष्ठेत गवताचे असे कण मिळाले (२००५). तोवर गवताचा खरा विस्तार डायनासोरांनंतरचा समजला जाई. त्यामुळे डायनासोर टिकले असते तर कधी काळी गवतही खाऊ लागले असते, ही कल्पना करण्याचे कारण उरले नाही. विदर्भात ते प्रत्यक्ष घडून गेले होते. अर्थात हे प्राणी गवतावरच जगत होते, असा निष्कर्ष यातून निघत नाही. त्याच विष्ठेत इतर वनस्पतींचे अवशेषही आहेत.

मर्यादा

'अशनी आदळला नसता तर' या गृहीतकावर अशा बहुतेक कल्पना उभ्या आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झालेला तो आघात वगळला, तरी त्याच सुमारास दख्खनच्या ज्वालामुखींतून वाहिलेला लाव्हा शिल्लक राहतो. सीताबर्डीची टेकडी त्याच लाव्ह्याच्या खडकाची आहे. पिसदुऱ्याच्या टायटॅनोसॉरांचे वंशज कल्पिताना त्यांना या लाव्ह्यातून वाचविण्याची वाटही दाखवावी लागते, आणि चित्रे रंगविणारे पुष्कळदा नेमके हेच विसरतात.