एक शटल, दोन टाइमटेबलं

१० एप्रिल १९८१. कोलंबिया शटलचं पहिलं उड्डाण, आत यंग आणि क्रिपेन. सुटायला वीसेक मिनिटं असताना पाचवा, बॅकअप कॉम्प्युटर बाकी चौघांशी जुळेना!

चौघांचं सॉफ्टवेअर आयबीएमचं: ज्याची प्रायॉरिटी जास्त, ते काम आधी. बॅकअप रॉकवेलचा: प्रत्येक कामाला ठरलेली वेळ, लोकलच्या टाइमटेबलसारखी. पहिली पद्धत लवचिक, दुसरी तपासायला सोपी. मुद्दाम वेगळी ठेवलेली, कारण एकच बग दोघांनाही बुडवायला नको.

पण सुरू होतानाच चौघांच्या वेळेत बारीक फरक पडला होता. शक्यता ६७ मध्ये एक! चौघांना पुन्हा सुरू केलं आणि १२ एप्रिलला शटल उडालं.

म्हणून आरटीओएस निवडताना नुसतं ‘कुठलं भारी?’ नको, शेजारच्या सिस्टमशी त्याची वेळ कशी जुळणार, तेही विचारा.