महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ आणि आजचा वर्ग

इयत्ता सहावीत मुले मसावि व लसावि शिकतात, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी व गुणाकार-भागाकार करतात, नफा-तोट्याची उदाहरणे सोडवितात. सातवीत सरळव्याज येते, तर आठवीत चक्रवाढव्याज व घनमूळ. हे सारे गणित इंग्रजी अमदानीतील शाळांबरोबर येथे आले असावे, असा अनेक पालकांचा समज असतो. वस्तुतः यातील बराचसा भाग सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी एका जैन आचार्यांनी संस्कृत श्लोकांत सुसूत्रपणे मांडून ठेवला आहे. ते आचार्य म्हणजे महावीराचार्य आणि तो ग्रंथ म्हणजे ‘गणितसारसंग्रह’.

इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या कारकिर्दीत हा ग्रंथ सिद्ध झाला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. महाराष्ट्र व कर्नाटक यांचा मोठा प्रदेश या एका छत्राखाली नांदत होता. ग्रंथाच्या प्रारंभी आचार्यांनी भगवान महावीरांना वंदन केले असून अमोघवर्षांचा गौरव केला आहे. पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या, संगीत, छंद अशा सर्व व्यवहारांत गणितावाचून चालत नाही, असेही त्यांनी तेथे बजावले आहे.

आर्यभट व ब्रह्मगुप्त यांनी गणिताचे विवेचन ज्योतिषग्रंथाचा एक भाग म्हणून केले होते. महावीराचार्यांनी ज्योतिष बाजूला ठेवून केवळ गणितालाच वाहिलेला ग्रंथ रचला. परिभाषेनंतर परिकर्म, कलासवर्ण म्हणजे अपूर्णांक, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्रगणित, खात, छाया असे विषय त्यात क्रमाने येतात. मिश्रक व्यवहारात व्याजाचे व सोन्याच्या कसाचे हिशेब आहेत. पेढीवर बसणाऱ्यास ते परके वाटणार नाहीत.

वर्गातील एक साधे उदाहरण घ्यावे. कापडाचा एक तुकडा १/६ मीटर व दुसरा ३/८ मीटर असेल, तर एकूण कापड किती? छेदांचा सरळ गुणाकार केला तर ४८ हा छेद येतो आणि उत्तर २६/४८ मिळते. त्याला पुन्हा संक्षेप द्यावा लागतो. ६ व ८ यांचा लसावि २४ घेतला की ४/२४ + ९/२४ = १३/२४ हे उत्तर थेट हाती येते. या लसाविला महावीराचार्यांनी ‘निरुद्ध’ असे नाव दिले आणि अपूर्णांकांच्या बेरजेसाठी त्याची रीत सांगितली. अपूर्णांकाने भागताना भाजकाचे अंश व छेद उलटवून गुणावे, हा नियमही त्यांनी दिला आहे. तो त्यांच्यापूर्वी ब्रह्मगुप्तांनीही सांगितला होता. १ ही संख्या प्रत्येकी अंश १ असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेने कशी लिहावी, याचीही रीत ग्रंथात आहे. तिच्यानुसार चार अपूर्णांक १/२ + १/३ + १/९ + १/१८ असे येतात. विद्यार्थ्यांनी ती बेरीज वहीत करून पाहावी.

रुक्ष वाटणाऱ्या गुणाकारातही आचार्यांनी गोडी आणली. १३९ × १०९ = १५१५१ किंवा १५२२०७ × ७३ = ११११११११ अशी उत्तरे त्यांनी गळ्यातील हाराप्रमाणे गुंफली. ती दोन्ही टोकांकडून सारखीच वाचता येतात.

पूर्वजांचा गौरव करताना सत्याची कास सोडू नये, हीच जिनवाणीची शिकवण आहे. ऋण संख्या स्वभावतः वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, हे आचार्यांचे विधान शालेय गणितात आजही तसेच शिकविले जाते. परंतु एखाद्या संख्येस शून्याने भागले असता ती तशीच राहते, हे त्यांचे मत आजच्या गणितास मान्य नाही. शून्याने भागाकार करताच येत नाही. ही मर्यादा सांगितल्याने त्यांची थोरवी उणी होत नाही.

हा ठेवा टिकला तो अनेकांच्या हातांनी. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लण यांनी तो तेलुगूत आणला. शतकानुशतके हस्तलिखितांच्या प्रती होत राहिल्या. १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी मूळ संस्कृत ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह संपादित केला व मद्रास सरकारने तो छापला. हिंदी अनुवादासह आवृत्ती मात्र महाराष्ट्रातून निघाली. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये गजपंथा येथे विद्वानांना एकत्र आणून जैन संस्कृति संरक्षक संघाची स्थापना केली व त्यासाठी तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले. पुढे १९४४ मध्ये सुमारे दोन लाख रुपयांची आपली सर्व संपत्ती त्यांनी संघाला ट्रस्टरूपाने अर्पण केली. १९५७ मध्ये त्यांचे समाधिमरण झाले. त्यांच्या नावाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी अनुवादित केलेला ‘गणितसारसंग्रह’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन हे या मालेचे संपादक होते.

चार दानांत शास्त्रदानाची गणना आहे. मंदिराचे शिखर दुरून दिसते. शास्त्रदान दिसत नाही, पण एका दात्याच्या त्यागामुळे अकरा शतकांपूर्वीचा ग्रंथ आजच्या वाचकाच्या हाती येऊ शकतो. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेस याहून बोलका आदर्श कोणता? पाठशाळेच्या कपाटात या ग्रंथाची एक प्रत असावी आणि सहावीच्या मुलाने लसाविचे उदाहरण सोडविताना ‘निरुद्ध’ हा शब्द एकदा तरी ऐकावा. आचार्यांचे नाव जयजयकारात घेण्यापेक्षा त्यांचे गणित मुलांच्या वहीत उतरणे, हीच त्यांना खरी वंदना होय.