म्युनिकची फाईल

वीसेक वर्षांपूर्वी मराठीत टाइप केलेला लेख आज उघडून पाहा. फाईल शाबूत असते, पण तेव्हाचा फॉन्ट संगणकात नसेल तर पडद्यावर अगम्य अक्षरांची खिचडी दिसते. जुन्या उर्दू डीटीपीच्या फायलींचीही तीच गत. मजकूर आपला, कुलूपकिल्ली मात्र दुसऱ्याची!

हाच पेच जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेसमोर उभा होता. तिथले सुमारे १४ हजार संगणक विंडोज एनटीवर चालत होते आणि मायक्रोसॉफ्ट त्या आवृत्तीचा आधार काढून घेणार होती. नवी आवृत्ती विकत घ्यायची की वेगळी वाट धरायची? कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियन उडे यांना भेटायला आले. सवलतही देऊ केली. तरीही मे २००३ मध्ये नगरपरिषदेने लिनक्स आणि ओपनऑफिसच्या बाजूने कौल दिला. प्रश्न केवळ पैशांचा नव्हता. एका कंपनीच्या मर्जीवर शहराचा कारभार चालावा का, हा खरा मुद्दा होता.

ठराव झाला, पण ठरावाने सवयी बदलत नाहीत. प्रत्येक खात्याचे स्वतःचे अर्ज, पत्रांचे नमुने, मॅक्रो होते. वर्षानुवर्षे हाताखाली बसलेली ही व्यवस्था मोडायला कारकून सहजासहजी तयार होईना. त्यात कारकुनाची चूक काय? त्याला आजचं पत्र आजच पाठवायचं असतं. म्हणून पालिकेने आधी विंडोजवरच ओपनऑफिस बसवलं, लिनक्स मागाहून आणलं. पत्रांचे नमुने सांभाळणारं ‘वोलमुक्स’ हे साधन स्वतः तयार केलं आणि २००८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. प्रशिक्षण दिलं. दहा वर्षं खपून, २०१३ च्या अखेरीस सुमारे १५ हजार संगणक बदलले. एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचा पालिकेचा दावा होता.

दरम्यान फाईलच्या कुलपाचाही निकाल लागत होता. ओडीएफ हे दस्तऐवजाचं खुलं स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्याचे नियम जाहीर आहेत. कुणीही ते वाचून फाईल उघडणारं सॉफ्टवेअर लिहू शकतो. दोनच वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएललाही मानकाचा दर्जा मिळाला. त्या मतदानात भारताने विरोधी मत दिलं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही. एकाच कामासाठी दोन मानकं झाली आणि बाहेरून आलेली फाईल नीट उघडत नाही, ही म्युनिकच्या कर्मचाऱ्यांची तक्रार काही संपली नाही.

२०१४ मध्ये उडे निवृत्त झाले. नव्या नेतृत्वाने या तक्रारी उचलून धरल्या आणि २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. २०२० मध्ये सत्तेची नवी आघाडी जुळली तेव्हा ‘जनतेचा पैसा, जनतेचा कोड’ हे तत्त्व पुन्हा करारात आलं. २०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ३० हजार संगणकांवर लिबरऑफिस आणायचं जाहीर केलं.

मग म्युनिक हरलं का? मला तसं वाटत नाही. तंत्र जमत होतं, हे दहा वर्षांत सिद्ध झालं. टेबलावर बसलेल्या माणसाची अडचण दूर करत राहणं मात्र मधेच थांबलं. पाठीराखा महापौर गेला की ठराव पोरका होतो. सहकाऱ्याला पटलेली गोष्ट तशी पोरकी होत नाही.

तुमच्या संस्थेत, शाळेत किंवा ट्रस्टच्या कार्यालयात हा विषय काढायचा असेल तर कंपनीला शिव्या देऊन सुरुवात करू नका. सहकाऱ्याच्या शेजारी बसा, त्याचं रोजचं एक पत्र खुल्या स्वरूपात तयार करून द्या. मग त्याला वीस वर्षांपूर्वीची एखादी मराठी फाईल उघडायला सांगा. पुढचं तो स्वतःच बोलेल.