तळटीप १७ : ‘चार्ज दिला’
१७. चार्ज दिला : येथे अर्थ पदभार सोपवला. बदली झालेला अधिकारी दप्तर, किल्ल्या आणि रोकड मोजून नव्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करतो आणि कागदावर दोघांच्या सह्या होतात. तोवर जुन्याची जबाबदारी सुटत नाही. लेखक पुढच्याच वाक्यात ‘मोकळा झालो’ म्हणतो ते यामुळे. याच पानावर खाली ‘पोलिसांनी चार्ज केला’ आहे, तेथे लाठीमार समजावा. ‘चार्जशीट’मध्ये हाच शब्द आरोप होतो, वीजबिलात आकार. मूळ उत्तरकालीन लॅटिन ‘कार्रिकारे’, म्हणजे गाडीवर माल लादणे. ‘कार्गो’ त्याच कुळातला. लादण्याची ही कल्पना धरली की बहुतेक अर्थ उलगडतात : अंगावर घेतलेले काम, माथी मारलेला गुन्हा, बंदुकीत ठासलेली दारू, बॅटरीत भरलेली वीज. मराठीने पदभार आणि विद्युतभार या दोहोंसाठी ‘भार’च निवडला, हे फार नेमके झाले. ‘आरोप’ याचाही धात्वर्थ वर ठेवणे असाच आहे. हल्ल्याचा अर्थ मात्र ‘भारा’त मावत नाही. त्यामुळे हस्तलिखितातील ‘चार्ज’ दोन्ही ठिकाणी तसाच ठेवला आहे.