बीडनं १९६७ ला कुणाला पाठवलं होतं?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. त्याला हिशेब विचारणार कोण? १९५२ ला मतं टाकून हैदराबादच्या विधानसभेत आमदार पाठवले, तेव्हा कुठं विचारायचा हक्क आला. १९६७ ला तर बीडनं प्रतिसरकारवाले क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत धाडले. माणूस वाळवा तालुक्यातला, कम्युनिस्ट पक्षाचा, इथं ना सोयरा ना धायरा. तरी निवडून दिला!

तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वरून उपप्रश्न झेलावे लागतात. अतारांकिताला नुसतं लेखी उत्तर. लोकसभेतले प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. दवाखाना, रस्ता, पाणी, पीकविमा, यावर आपल्या खासदारानं काय विचारलं, आज रात्री मोबाईलवर शोधा. सापडलं तर इथं टाका. नाही सापडलं, तर गाडी नेकनूरच्या बाजारात थांबली की तिथंच विचारा.