राणीच्या बागेतली झाडं

मुंबईला गेलं की मुलं राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचा हट्ट धरतात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो, पण रमलो झाडांत.

भायखळ्याची ही बाग 1862 साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली, ती झाडांची बाग म्हणून. प्राणी आले नंतर. देशोदेशीची झाडं इथे आणून लावली, जगवली. ब्रह्मदेशची उर्वशी, आफ्रिकेची गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती. त्याच्या फुलात आपल्याला शंकराची पिंड दिसते, पण झाड पाहुणंच! बागेला नाव व्हिक्टोरिया राणीचं होतं. पुढे जिजामातेचं दिलं, तरी लोकांच्या तोंडी राणीची बागच राहिली.

2007 च्या सुमारास बाग पालटून परदेशी प्राणी आणायचा मोठा आराखडा निघाला. तीन हजारांवर झाडं, त्यांचं काय? मुंबईतल्या काही बायकांनी हा प्रश्न लावून धरला. त्यांच्या हाती ना पद, ना सत्ता. त्यांनी लोकांना बागेत फिरवून एकेक झाड ओळखायला शिकवलं, निवेदनं दिली, वारसा समितीकडे दाद मागितली. ज्याचं नाव ठाऊक नाही, ते झाड तुटलं तरी कोणाला कळणार? मूळ आराखडा मागे पडला. बागेला 150 वर्षं झाली तेव्हा त्यांनी तिच्यावर पुस्तकही काढलं.

पेंग्विन आलेच पुढे. मुलं त्यांच्या रांगेत होती, तोवर आम्ही तिघींनी हात धरून गोरखचिंचेला वेढा घालून पाहिला. बुंधा काही कवेत आला नाही.